दिवाळीच्या सुट्टीत अंदमान: आधी बेटं, मग पोर्ट ब्लेअर

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: २०२६ च्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं आहे. माणसं सहा. त्या दोघं, सत्तरीतले सासू-सासरे, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. एका एजंटाने दिवाळीच्या आधीचं, ऑक्टोबरअखेरचं चार रात्री-पाच दिवसांचं पॅकेज स्वस्तात देऊ केलंय आणि ‘तोवर पाऊस संपलेला असतो’ अशी हमीही दिली आहे. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचं आहे, मुलीला स्कूबा करायचं आहे, बाराटांगच्या गुहांबद्दलही त्यांनी ऐकलंय. दिवाळीआधी जावं की नंतर, आणि कशात काय बसवावं?

ताई, जरूर जा. फक्त ते चार रात्रींचं पॅकेज घेऊ नका, आणि पाऊस नसेल असं धरून काहीही ठरवू नका. त्या दिवसांत पाऊस असू शकतो. तो आला तरी सहल मोडणार नाही अशा क्रमाने दिवस मांडता येतात, आणि माझं निम्मं उत्तर त्या क्रमाबद्दलच आहे.

नावांचा घोळ आधी मिटवतो. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ही नावं २०१८ च्या अखेरीस दिली गेली. तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही दिसतात. मी इथे बोलण्यातली जुनीच वापरतो.

आपल्याकडे दसरा झाला की पाऊस गेला, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो आणि तोच आपण अंदमानला लावतो. तिथे तसं नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे आपल्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी दरवर्षी आपण वाचतोच. जातो मात्र सावकाश. तो पुरता गेलेला नसतो तोच ईशान्येचे वारे सुरू होतात, तेच जे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून तमिळनाडूला भिजवतात. अंदमानच्या वाट्याला दोन्ही येतात. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपट, आणि ऑक्टोबर व नोव्हेंबर हे दोन्ही महिने सरासरीने २०० मिलिमीटरच्या वरचे. खरा कोरडा काळ जानेवारी ते मार्च. डिसेंबर अधलामधला. तेव्हा ऑक्टोबरअखेरीला पाऊस संपलेला असतो ही हमी कोणीच देऊ शकत नाही.

तरीही मी जा म्हणतोय, कारण हा पाऊस आपल्या आषाढातल्यासारखा दिवसदिवस लागून राहत नाही. एरवी सर येते, तासभर झोडपते, ऊन पडतं, किनारा पुन्हा लखलखतो. हॉटेलच्या व्हरांड्यात चहा होईतो संपून जाते. अडचण होते ती समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं तर. मग दोन-तीन दिवस आभाळ उघडत नाही आणि बोटी बंद होतात.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याआधीचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यात नोव्हेंबरचा जोर जास्त. तेव्हा समुद्र तापलेला असतो आणि वरच्या हवेतल्या वाऱ्यांची ओढाताण कमी असते, त्यामुळे कमी दाबाला वाढायला मोकळीक मिळते. यातली बरीच क्षेत्रं अंदमानच्या समुद्रात जन्म घेतात, काही तर थायलंडच्या आखाताकडून येतात. बाळसं धरतात ती पुढे आंध्र-ओडिशा-तमिळनाडूकडे सरकताना. म्हणून बहुतेक वेळा अंदमानात जिवाला घोर लागत नाही, वेळापत्रकाला लागतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘लेहर’ वादळ पोर्ट ब्लेअरजवळूनच बेटं ओलांडून गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे चेन्नईवर जाऊन आदळलेलं ‘वरदा’ अजून नुसतं डिप्रेशन, म्हणजे वादळाआधीची पायरी, होतं, तेव्हाच हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. बोटी बंद, विमानाची तिकिटं वाया. शेवटी नौदल, तटरक्षक दल आणि हेलिकॉप्टरं लावून त्यांना बाहेर काढावं लागलं. यात बेटावर राहणाऱ्यांचे हाल तेवढे झाले नाहीत. हाल झाले ते ज्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं त्यांचे.

म्हणून माझा नियम असा: आधी बेटं उरकायची, पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवायचं, आणि परतीच्या विमानाआधी तिथे दोन रात्री हव्यातच. विकली जाणारी बहुतेक पॅकेजं नेमकी उलटी असतात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे, मग हॅवलॉक, आणि शेवटच्या संध्याकाळी बोटीने परत येऊन सकाळी विमान. जानेवारीत ते चालून जातं. दिवाळीत बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की त्या एका संध्याकाळच्या बोटीवर सहा जणांची विमानाची तिकिटं लटकतात. पोर्ट ब्लेअर मागे ठेवलं की बोट एक दिवस बंद राहिली तरी तुमचं फार तर रॉस बेट बुडतं. चार रात्रींत हे कितीही ओढूनताणून बसत नाही. तुम्हाला सात रात्री हव्यात. सहात होईल, पण मग नील सोडावं लागेल.

आता दिवाळीआधी की नंतर. नुसत्या हवामानाकडे बघाल तर ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्य यांत निवडण्यासारखं फार नाही: आधी पाऊस जरा जास्त, नंतर वादळाची शक्यता जरा जास्त. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. तुमच्या एजंटाच्या तारखा म्हणजे शाळेच्या परीक्षांच्या तोंडावर, कोजागरीच्या नंतरच्या आठवड्यात. भाऊबीज करून १२ ला निघालात तर सण घरी होतो, मुलांची शाळा बुडत नाही, आणि तिथी तुमच्या बाजूने असतात. (ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, त्या वर्षी मी याच प्रश्नाला ‘नाताळपर्यंत थांबा’ म्हणतो.) दर मात्र चढे असतील. त्या आठवड्यात गुजरातेतूनही भरपूर माणसं येतात, आणि हॅवलॉकला समुद्राजवळच्या चांगल्या खोल्या मोजक्याच आहेत.

तिथीचं एवढं का, तर भरती-ओहोटीमुळे. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, हे कोकणातल्या कुणालाही पाठ असतं. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते. नीलवर लक्ष्मणपूरच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर नैसर्गिक दगडी कमान आहे, तिथपर्यंत खडकांवरून चालत जायचं असतं आणि ते ओहोटीलाच जमतं. ओहोटी खोल असेल तर खडकांतली डबकी उघडी पडतात, त्यांत काळ्या समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे, कधी एखादा शिंपला तोंड मिटताना दिसतो. सात वर्षांच्या मुलाला अख्ख्या सहलीतलं हेच लक्षात राहील. भांगाच्या दिवसांत तीच जागा अर्धीमुर्धी पाण्याखाली असते आणि माणसं लांबूनच फोटो काढून परततात. तुमच्या तारखांत १३ नोव्हेंबरला ओहोटी अजून बऱ्यापैकी खोल असेल, १७ च्या सुमारास भांग लागेल. म्हणून तुमच्यासाठी नील आधी आणि हॅवलॉक नंतर. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा त्या दिवसाची नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून मगच रिक्षा ठरवा. पायांत पक्क्या पट्ट्यांच्या सँडल हव्यात. सासू-सासऱ्यांनी त्या शेवाळलेल्या दगडांवर जाऊच नये. त्यांना त्या वेळी भरतपूरच्या किनाऱ्यावर सावलीत बसवा, तिथे शहाळं मिळतं आणि पाणी उथळ असतं.

तर मांडणी अशी होते. १२ ला पोर्ट ब्लेअरला पोचून मुक्काम, काहीही न बघता. १३ ला सकाळच्या बोटीने नील, एक रात्र. १४ ला हॅवलॉक, तीन रात्री. १७ ला दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, दोन रात्री. १९ ला परत. विमानं सकाळी उतरतात, त्यामुळे त्याच दिवशी दुपारची बोट पकडण्याचा मोह होतो. नका करू. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, आणि रात्रभर प्रवास करून आलेल्या सत्तरीतल्या माणसांना लगेच लाटांवर बसवणंही बरं नाही.

विमानाबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडून पोर्ट ब्लेअरला जाताना बहुतेक वेळा वाटेत विमान बदलावं लागतं, आणि सर्वात सोयीचं दिसतं ते चेन्नई. पण नोव्हेंबर-डिसेंबर हा चेन्नईचा ऐन पावसाळा आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात तिथला विमानतळ कित्येक दिवस बंद होता, २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळातही धावपट्टी पाण्याखाली गेली. अंदमानात कडक ऊन आणि तुम्ही चेन्नईत अडकलेले, असं होऊ शकतं. म्हणून या मोसमात मी शक्यतो बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकाता मार्गे बसवतो, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्यायला लावतो. वेगवेगळी तिकिटं हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतात, पण पहिलं चुकलं की दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ मुळात नौदलाचा, धावपट्टी एकच, आणि जवळपास उतरायला दुसरा विमानतळ नाही. पाऊस फारच झाला तर विमान दोन तास उडून परत मुख्य भूमीवर येतं.

तिथे गेल्यावर पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापासून कितीतरी पूर्वेला. नोव्हेंबरात पाच-सव्वापाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य बुडतो. राधानगरचा सूर्यास्त बघायचा म्हणून साडेचारला हॉटेलातून निघणारी माणसं अंधारात वाळू तुडवतात. तीनला निघा. आणि दुपारी जेवून ताणून द्यायची सवय असेल तर आठवडाभर ती बाजूला ठेवून रात्री नऊला झोपा.

हॅवलॉकला कोणता किनारा कधी चांगला, हे वाऱ्यावर असतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेच्या किनाऱ्यांना धुतो, तेव्हा राधानगरच्या लाटा अंगावर येतात. ईशान्येचा वारा सुरू झाला की चित्र फिरतं. पूर्वेकडचे विजयनगर आणि कालापत्थर खळबळतात, राधानगर आणि वायव्येचा एलिफंट बीच निवांत होतात. तुम्ही जाल तेव्हा वारा बदलण्याचाच काळ असतो. म्हणून पहिल्याच सकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर उभं राहून पाणी बघा. समोर पांढरे तुरे दिसत असतील तर दिवस पश्चिमेला काढा. कालापत्थरला सूर्योदय बघायला गेलात तरी तिथे पोहण्याचा हट्ट नको. राधानगरचा किनारा लांबरुंद आहे, पाय टाकायला वाळू सपाट आहे, आजी-आजोबा आणि मुलं सगळ्यांना एकदम सोडता येईल असा तो एकच. मात्र उजव्या हाताच्या नील्स कोव्हकडे पाण्यात उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही अंदमानातली खरी गोष्ट आहे, २०१० मध्ये याच किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर यायचं. खाडीचं आणि कांदळवनाचं तोंड जिथे असेल तिथून लांबच राहा.

एलिफंट बीचला बोटीने वीसेक मिनिटांत पोचता येतं. प्रवाळ किनाऱ्यापासून अगदी जवळ असल्याने मुलाला रिंग धरून पाण्यात तोंड घालायला ही जागा छान. सासू-सासऱ्यांसाठी मात्र विचार करा. तिथे धक्का नाही. बोट वाळूजवळ येऊन डुलत राहते, कडेवरून पाय टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि येताना भिजलेल्या कपड्यांनी तसंच चढायचं. गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना राधानगरलाच सोडा. जंगलातून चालत जायचीही वाट आहे, पण पावसानंतर ती चिखलाने अशी निसरडी होते की तरणीताठी माणसंही चपला हातात घेतात.

मुलीचं स्कूबा. वय दहाच्या वर आहे, तेव्हा चालेल. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पाठीमागून सिलिंडरला धरून असतो. आधी कंबरभर पाण्यात सराव होतो: तोंडाने श्वास घेणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, हाताच्या खुणा. नवख्यांचं अडतं ते कानांत. दोन-तीन मीटर खाली गेलं की कानावर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान ‘टक’ करून मोकळे होतात, मग पुढचा मीटर. सर्दी असली तर कान उघडत नाहीत आणि डाइव्ह रद्द करावी लागते. दिवाळीत फटाक्यांचा धूर, रात्रीची जागरणं, तेलकट फराळ यांनी निम्म्या मुलांना सर्दी होतेच, तेव्हा आठवडाभर आधीपासून तिला जपा. नाकपुडी उघडायचे थेंब घालून पाण्यात उतरवू नका, त्यांचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना कान धरतो. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाहीच. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको, आम्ही सरसकट २४ धरतो. पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस मागे ठेवल्याने ते आपोआप साधतं. पाणी मात्र फेब्रुवारीइतकं काचेसारखं नसेल. पाऊस झाला की ओढ्यांचा गाळ समुद्रात येतो आणि दोन-तीन दिवस गढूळपणा राहतो. स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी ठेवा, पाणी खराब असलं तर आणखी एक सकाळ हाताशी राहते.

अमावास्येच्या जवळ तारखा असण्याचा एक फायदा रात्री मिळतो. कांदळवनाच्या खाडीत कयाक घेऊन गेलं आणि चंद्र नसला, तर वल्हं बुडवलं की पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्मजीव हलले की प्रकाशतात. चंद्र असेल तर काहीच दिसत नाही. १४ नोव्हेंबरला चतुर्थी-पंचमीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास मावळेल, पुढे रोज उशिरा. म्हणजे पहिलीच रात्र धरा, नाहीतर पहाटेची फेरी मागा. मुलगा लहान आहे, त्याला न्यायचं की नाही ते चालवणाऱ्याला विचारून ठरवा.

बाराटांग तुम्ही सोडा. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, मग मोटारीसकट खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, मग ओल्या वाटेवर किलोमीटरभराहून जास्त चाल, तेव्हा चुनखडीची गुहा. आणि तेवढंच परत. कांदळवनाच्या बोगद्यातून बोट जाते तो भाग सुरेख आहे, पण सत्तरीतली दोन माणसं आणि सात वर्षांचं पोर यांना एका दिवसात पिळून काढेल. शिवाय कोणी ‘वाटेत जारवा दिसतात’ असं सांगून ही सहल विकत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. त्या रस्त्यावर थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हे गुन्हे आहेत, आणि माणसं बघायला जायची वस्तू नव्हेत.

सेल्युलर जेलला सासऱ्यांसाठी अख्खी सकाळ द्या. नाशिककरांना तिथलं नातं सांगायला नको. भगूरचे सावरकर, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खून प्रकरणात शिक्षा झालेले वामनराव जोशी. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाला सात पाखे, म्हणजे विंग, होते, आज तीन उभे आहेत. सावरकर इथे जुलै १९११ मध्ये आले. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी दोघांची बराच काळ गाठ पडली नाही. कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे, जिने उंच आहेत. तेव्हा दार उघडताच जा, ऊन आणि गर्दी वाढायच्या आत त्यांना सावकाश वर चढू द्या. कोठडीच्या दारापाशी कडी कुठे आहे ते मुलांना दाखवा. ती दाराला लागून नाही. लोखंडी दांडा भिंतीत हातभर लांब नेऊन खोबणीत अडकवलेला आहे, म्हणजे कैद्याने गजांतून हात काढला तरी कुलपापर्यंत पोचू नये. प्रत्येक पाख्याचं तोंड पुढच्या पाख्याच्या पाठीकडे, त्यामुळे समोर दुसरा कैदी कधीच दिसत नसे. खाली कोलू आणि फाशीघर आहे, जिने जमले नाहीत तरी ते बघता येतं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो, पावसात रद्द होतो. म्हणून तो १७ ला, पोचल्याच्या संध्याकाळीच धरा, १८ हाताशी राहील. हिंदी खेळाची तिकिटं आधी संपतात. जेल, रॉस बेट यांचे सुट्टीचे वार ठरलेले असतात, हॉटेल पक्कं करतानाच विचारून घ्या. वंडूरहून जॉली बॉय बेटावर जायचं डोक्यात असेल तर ते पावसाळ्यात बंद असतं आणि त्या काळात रेड स्किन बेट उघडं असतं. नोव्हेंबरात नेमकं कोणतं चालू आहे ते निघण्याआधी विचारा. तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत.

बोट लागण्याबद्दल. तुम्हा सहांत एकाला तरी लागेल, विशेषतः नील-हॅवलॉक पट्ट्यात वारा असला तर. खाजगी बोटी वेगवान, वातानुकूलित आणि चहूबाजूंनी बंद असतात. एकाला उलटी झाली की वासाने चौघांना होते. जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. गोळी तासभर आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. सासऱ्यांना रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर कोणती चालेल हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मुलाचा डोसही त्यांच्याकडूनच घ्या. सकाळी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. सरकारी बोट स्वस्त, संथ, पण तिला उघडं डेक असतं, वारा लागतो. कुणाला फारच त्रास होत असेल तर तीच बरी. धक्क्यावर सहाही जणांचं, मुलांचंही, मूळ ओळखपत्र लागतं.

किरकोळ तेवढं भराभर. समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये चालू झाल्यापासून फोन-इंटरनेट बरंच सुधारलंय, पण नीलवर रोख पैसे जवळ ठेवा. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, नीलवर तर भाज्या तिथल्याच असतात. संध्याकाळी ओल्या वाळूत बारीक माश्या चावतात, पायांना खोबरेल तेल चोपडून बसा आणि खाजवू नका. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात टाकायचे नाहीत, कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मुलाच्या खिशात हात घालून एकदा बघाच.

पैसे गुंतवण्याचा क्रम: आधी विमान, मग लगेच हॅवलॉकची खोली, मग बोटींची तिकिटं, पोर्ट ब्लेअरचं हॉटेल सर्वात शेवटी, तिथे खोल्यांना तोटा नाही. खोली घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: बोट बंद झाल्याने पोचू शकलो नाही तर पैसे परत, तारीख बदलून, की बुडाले? ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर दुसरं हॉटेल बघा. बोट रद्द झाली तर तिचे पैसे सहसा मिळतात किंवा पुढची जागा मिळते. प्रवास विमा काढायचा असेल तर तिकिटं काढतानाच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी कामाचा नसतो.

शेवटचा आठवडा कसा बघायचा ते सांगतो. भारतीय हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत चक्रीवादळ तयार होण्याची शक्यता किती, याचा अंदाज देतं. तुमच्यासाठी महत्त्वाचा गुरुवार ५ नोव्हेंबर. त्यात अंदमान समुद्राचं नाव ‘कमी’ शक्यतेच्या खाली असेल तर बॅगा भरा. ‘मध्यम’ असेल तर घाबरून काही रद्द करू नका, पण नीलची रात्र उचलून पोर्ट ब्लेअरला जोडायची तयारी ठेवा आणि हॉटेलवाल्यांशी बोलून घ्या. ‘जास्त’ असेल आणि ९-१० तारखेपर्यंत डिप्रेशन झालंच, तर निघायचा दिवस दोन-तीन दिवसांनी पुढे ढकलता येतो का हे विमान कंपनीला विचारा. अशी क्षेत्रं अंदमानवरून दोन-तीन दिवसांत पुढे सरकतात आणि मागे बहुधा स्वच्छ ऊन सोडून जातात. तिथे पोचल्यावर फोनवरच्या ढगांच्या चित्रापेक्षा हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आणि धक्क्यावरचा माणूस या दोघांवर भरवसा ठेवा. हॅवलॉकला असताना उद्याच्या बोटी रद्द होणार अशी कुणकुण लागली, तर एक दिवस पदरचा गेला तरी चालेल, आजच्या शेवटच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठा.